बदलापूर लोकल आणि ५१५ ग्रॅम

फिल्म कॅमेऱ्यांच्या सेकंडहँड बाजारात सध्या उलटी गंगा वाहते आहे. निकॉनचा एफएम २, पेंटॅक्सचा के १०००, कॅननचा एई १ हे हाताने फोकस करायचे, धातूचे, चामड्यासारख्या वेष्टनाचे जुने कॅमेरे दरवर्षी महाग होत चालले आहेत. त्यांच्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी आलेले, स्वतः फोकस धरणारे, स्वतः रोल पुढे ओढणारे आणि संपला की स्वतःच गुंडाळून ठेवणारे कॅमेरे मात्र त्याच दुकानात मागच्या फळीवर पडून असतात. कारण एकच: ते दिसायला ‘जुने’ दिसत नाहीत. काळं प्लॅस्टिक, फुगीर पकड, वर छोटा एलसीडी. गळ्यात अडकवून फोटो काढून घ्यायला त्यांचा उपयोग नाही.

फोटो काढायला मात्र आहे, आणि तो उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांना जास्तच आहे.

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर अंदाजे ६८ किलोमीटर. सकाळी सॅक पाठीवरून पुढे छातीवर घ्यायची, डब्याच्या आत सरकायचं, नशीब असेल तर चौथी सीट. अशा प्रवासात सोबत नेलेली प्रत्येक वस्तू आपलं वजन दाखवून देते. निकॉनचा व्यावसायिक एफ ५ घेतला तर नुसती बॉडीच सव्वा किलोच्या घरात जाते. एफ १०० चं वजन ७८५ ग्रॅम. एफ ८० मात्र ५१५ ग्रॅम, म्हणजे धातूच्या कौतुकाने ज्याला उचललं जातं त्या एफएम २ पेक्षाही हलका; तो ५४० च्या आसपास भरतो. निकॉन एफ ७५ आणि कॅनन इओएस ३०० तर चारशे ग्रॅमच्या आतले. डबा, पाण्याची बाटली आणि छत्री यांच्या मधल्या फटीत हे दोघे मावतात. रोजच्या फोटोग्राफीचा पहिला नियम कॅमेरा रोज सोबत असण्याचा. बाकीची चर्चा त्यानंतरची.

भारतात हे कॅमेरे मुळातच थोडे आले, याचंही कारण आहे. नव्वदच्या दशकात घरोघरी जो कॅमेरा होता तो कोडॅक केबी १० किंवा याशिका एमएफ २ सारखा. त्यात फोकस हा प्रकारच नव्हता. काही फुटांपलीकडचं सगळं जेमतेम स्पष्ट यावं असं भिंग कायमचं बसवलेलं. लग्नाच्या फोटोग्राफरकडे के १०००, याशिका एफएक्स ३, व्हिवितार किंवा १९९५ नंतर निकॉन एफएम १०. फोकस हाताने, फ्लॅश अंदाजाने आणि रोल मोजूनमापून. आणि मग २००४-०५ च्या सुमारास निकॉन डी ७०, कॅनन ३५० डी आले आणि स्टुडिओवाल्यांनी थेट डिजिटलमध्ये उडी मारली. एफएम १० वरून डी ७० वर. मधला ऑटोफोकस फिल्मचा जिना बहुतेकांनी चढलाच नाही. निकॉनची भारतातली स्वतःची कंपनीही २००७ ची. तोवर फिल्म कॅमेऱ्याचा खेळ आटोपत आला होता.

मग इथे जे आले ते कुठून? बरेचसे परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून. उल्हासनगरात या वाटेला तोटा नाही. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नाव मिळालेलं, कल्याणच्या युद्धकालीन लष्करी छावणीतून उभं राहिलेलं हे सिंधी निर्वासितांचं शहर. दुबईत, हाँगकाँगमध्ये, अमेरिकेत कुणी ना कुणी असलेली घरं इथे गल्लोगल्ली. (‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद गावाने स्वतःच पसरवलेला.) अशा घरातल्या कपाटातून निघालेल्या कॅमेऱ्यावर नाव वेगळंच दिसतं आणि घेणारा गोंधळतो. कॅननचा इओएस ३०० अमेरिकेत रेबेल २००० होता आणि जपानात किस ३. इओएस ३० अमेरिकेत एलान ७ ई. निकॉन एफ ८० तिकडे एन ८०, एफ ७५ तिकडे एन ७५. आतलं यंत्र तेच. रेबेल हे नाव इथल्या बाजारात अनोळखी म्हणून स्वस्तात मिळत असेल तर ते जरूर घ्यावं.

थोडा इतिहास, कारण त्यावर पुढचा हिशेब अवलंबून आहे. बाजारात आलेला, स्वतः फोकस करणारा पहिला कॅमेरा कोनिका सी ३५ एएफ, १९७७ चा. त्यात अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीचा फोकस मोड्यूल होता. एसएलआरमध्ये पेंटॅक्सने १९८१ साली प्रयत्न केला. पण पूर्ण यंत्रणा बॉडीत बसवून, त्यासाठी नवी लेन्समाला काढून बाजार हलवला तो १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने. हनीवेलने नंतर मिनोल्टाला कोर्टात खेचलं आणि १९९२ साली मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं. मिनोल्टाच्या धक्क्यानंतर निकॉन आणि कॅननने दोन वेगळे रस्ते धरले. निकॉनने १९५९ पासूनचं आपलं एफ माउंट ठेवलं आणि १९८६ च्या एफ ५०१ मध्ये मोटर बॉडीत बसवली. ती एका छोट्या दांड्याने लेन्स फिरवते. कॅननने मार्च १९८७ मध्ये इओएस ६५० काढताना जुनं माउंट सरळ टाकून दिलं. मोटर प्रत्येक लेन्समध्ये, बॉडी आणि लेन्समध्ये फक्त विजेचा संवाद. जुन्या लेन्स घेतलेल्या गिऱ्हाइकांनी तेव्हा कॅननला शिव्या घातल्या. चाळीस वर्षांनी त्या शिव्यांची फळं आजच्या गिऱ्हाइकाला गोड लागतात.

आज फिल्म बॉडी घेणाऱ्याच्या घरी आधीच एखादी लेन्स असते. बहुधा ५० मिलिमीटर, एफ १.८. लग्नाची कामं करणाऱ्या मुलाने, यूट्यूब बघून शिकणाऱ्या मुलीने, सगळ्यांनी घेतलेली. कॅननची २०१५ साली आलेली ५० एसटीएम उचलून १९८७ च्या इओएस ६५० वर लावली तरी ती फोकस करते. अठ्ठावीस वर्षांचं अंतर आणि दोघांत काही कुरबुर नाही. निकॉनमध्ये मात्र यादी काढावी लागते. जुनी ५० डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालते, म्हणजे सगळ्या ऑटोफोकस फिल्म बॉडींवर. नवी ५० जी, जिच्यात स्वतःची मोटर आहे, ती एफ ८०, एफ १००, एफ ७५, एफ ६५ वर नीट चालते. एफ ९० वर फोकस होतो, पण लेन्सवर ॲपर्चरची कडी नसल्याने ॲपर्चर हाताने ठरवता येत नाही. एफ ५०१ आणि एफ ८०१ वर ती फोकसच करत नाही. आणि डी ३५०० किंवा डी ५६०० सोबत आलेली १८-५५ एएफ-पी लेन्स यातल्या कुठल्याही बॉडीवर लावण्यात अर्थ नाही. तिचा फोकस विजेवर चालतो आणि या बॉडींना तिची भाषा कळत नाही, त्यामुळे हाताने कडी फिरवूनही काही होत नाही. कॅननची १८-५५ ईएफ-एस तर फिल्म बॉडीवर बसतच नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरातला ड्रॉवर उघडावा. कॅननची ५० असेल तर इओएस, निकॉनची असेल तर एफ ८०. कुठली कंपनी चांगली हा वाद चहाच्या टपरीवर घालायला छान आहे, पण निर्णय लेन्सने आधीच घेतलेला असतो.

आता फोकस कसा होतो ते. लेन्समधून येणाऱ्या उजेडाचे दोन भाग करून ते दोन छोट्या सेन्सर पट्ट्यांवर टाकले जातात. दोन्ही प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत ते मोजून भिंग कुठे आणि किती फिरवायचं हे एका फटक्यात ठरतं. यंत्राला त्यासाठी कडा लागतात. पट्टी आडवी असेल तर तिला उभ्या कडा दिसतात, आडव्या दिसत नाहीत. मिनोल्टा ७००० आणि एफ ५०१ मध्ये मधोमध अशी एकच पट्टी होती. लोकलच्या खिडकीचे आडवे गज, डब्याच्या बाजूचे रंगीत आडवे पट्टे, रूळ, ओव्हरहेड वायर: रेल्वेचं जग आडव्या रेषांचं आहे आणि तिथे हे पहिल्या पिढीचे कॅमेरे भिंग मागेपुढे करत बसतात. उपाय सोपा आहे, कॅमेरा किंचित तिरका धरायचा, फोकस पकडायचा, मग सरळ करायचा. पण तोवर विठ्ठलवाडी गेलेलं असतं. पुढच्या पिढीत मधला सेन्सर अधिकच्या चिन्हासारखा झाला, उभ्या आणि आडव्या दोन्ही कडा बघणारा. एफ ८० मध्ये पाच फोकस बिंदू आहेत आणि मधला असा. इओएस ३०० मध्ये सात, तिथेही मधला असा. एफ १०० मध्ये पाचपैकी तीन. रोजच्या कामाला मधला एक पुरतो.

किंबहुना मधलाच वापरावा. सगळे बिंदू चालू ठेवले की कॅमेरा सहसा सर्वांत जवळची वस्तू धरतो. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये चालिया मंदिराशी झुलेलालच्या चालीहोच्या चाळीस दिवसांच्या व्रताची सांगता होते तेव्हाची गर्दी घ्या. डोक्यावर मटकी घेतलेली बाई फ्रेमच्या मधोमध आहे आणि कॅमेऱ्याने फोकस केला पुढे आलेल्या कुणाच्या तरी मोबाइल धरलेल्या हातावर. फिल्मवर हे लगेच कळत नाही, रोल धुऊन आल्यावर कळतं. गजानन मार्केटच्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी टांगलेले कपडेही हाच खेळ करतात. फुलाफुलांची साडी फोकस पटकन देते. ट्यूबलाइटखाली टांगलेली गडद निळी जीन्स, जी शिवणाऱ्यांची या शहरात अख्खी वसाहत आहे, ती फोकस देत नाही. शिवणीवर धरा, देते.

कॅननने या निवडीवर एक अजब तोडगा काढला होता. १९९२ च्या इओएस ५ मध्ये डोळ्याच्या बुबुळाकडे बघून, तुम्ही ज्या बिंदूकडे पाहता तिथे फोकस करणारी यंत्रणा आली. इओएस ५ मध्ये ती फक्त कॅमेरा आडवा असताना चालते. २००० च्या इओएस ३० मध्ये उभा धरला तरी. चष्मा असेल तर तिचा मूड जातो. ज्यांना जमते ते तिच्यावर फिदा असतात, ज्यांना जमत नाही ते दुसऱ्या दिवशी ती बंद करून टाकतात. इओएस ३० तरीही घेण्यासारखा आहे, कारण यंत्रणा बंद केल्यावरही मागे एक शांत, चटपटीत, दोन चाकांचा कॅमेरा उरतोच. इओएस ५ बद्दल मात्र हात आखडता घ्यावा. त्याची मोड निवडायची चकती तुटण्याबद्दल बदनाम आहे.

मिनोल्टाचे डायनॅक्स ५ आणि ७ उत्तम, पण लेन्स शोधत हिंडावं लागेल. पेंटॅक्सच्या एमझेड मालिकेत आरसा हलवणारं प्लॅस्टिकचं दातेरी चाक फुटतं. के १००० वरच्या प्रेमापोटी त्यांच्याकडे वळणाऱ्याने ते माहीत असू द्यावं.

अंबरनाथचं शिवमंदिर हे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची परीक्षा घ्यायला या पट्ट्यातलं सर्वांत चांगलं ठिकाण. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख. शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेच्या चमूने इथे येऊन रेखाटनं आणि साचे घेतले, तेव्हापासून हे देऊळ कुणाच्या ना कुणाच्या कागदावर उतरतच आलं आहे. काळा दगड, खोल कोरीव काम, प्रत्येक मूर्तीच्या मागे सावलीचा खड्डा आणि वर कोरं आभाळ. साधं मीटर आभाळ बघून फसतं आणि दगडाचा कोळसा करतं, किंवा नुसता दगड बघून त्याला राखाडी करून टाकतं. एफ ८० फ्रेमचे दहा भाग करून मोजतो, इओएस ३०० पस्तीस. दोघेही इथे बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागतात. तरी रंगीत निगेटिव्ह असेल तर एक स्टॉप जास्त द्यावा. निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दर्शनी बाजूवर खरा उजेड दुपारनंतरचा. फोकसचं म्हणाल तर कोरीव दगडासारखी सोपी वस्तू नाही, कडाच कडा. गाभारा मात्र पायऱ्या उतरून खाली, आणि तिथल्या अंधारात एफ ८० आपला छोटा दिवा पेटवतो. तो पांढरा दिवा देवळात आणि लग्नात सारखाच नकोसा वाटतो. मेनूतून बंद करता येतो. आधी बंद करून ठेवावा.

याच गावात ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. तिच्या भिंतीच्या आसपास कुठलाही कॅमेरा बाहेर काढू नये, फिल्मचा असो की डिजिटल. ‘साहेब, यात फोटो लगेच दिसत नाही’ हे उत्तर तिथे चालणार नाही.

बदलापूरकडे पाऊस जास्त आणि दमटपणा त्याहून जास्त. बॅरेजवर किंवा कोंडेश्वरच्या धबधब्याशी जुलैत फोटो काढणाऱ्याने आधी हे समजून घ्यावं की पांढऱ्या पाण्याला आणि धुक्याला कडा नसतात. फोकस खडकावर धरून ठेवावा. दुसरं, या काळात एफ ८० आणि एफ १०० च्या पाठीवरचं रबरी वेष्टन चिकट होतं. चिखलात पडल्यासारखं बोटाला लागतं आणि घेणारा घाबरतो. ते फक्त वरचं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसलं की निघतं, खालचं गुळगुळीत प्लॅस्टिक उरतं. भाव पाडायला हे चांगलं निमित्त. लेन्समधली बुरशी मात्र निमित्त नाही, ती खरी अडचण आहे. मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स परत ठेवावी.

जुन्या इओएसमध्ये, म्हणजे ६५० पासून १९९० च्या आसपासपर्यंतच्या बॉडींमध्ये, शटरला धक्का बसू नये म्हणून लावलेला फोमचा तुकडा वितळून पात्यांवर येतो. मागचं झाकण उघडून पात्यांवर काळा चिकट डाग आहे का ते बघावं. डाग असेल तर तो कॅमेरा आज चालला तरी पुढच्या महिन्यात अडकणार. १९९९ च्या इओएस ३०० मध्ये ही भानगड नाही, शिवाय त्यात एक शहाणपण आहे: रोल घातला की तो आधी सगळा बाहेर ओढून घेतो आणि काढलेला प्रत्येक फोटो डबीत परत ढकलतो. गर्दीत चुकून झाकण उघडलं तर काढलेले फोटो डबीत सुखरूप, वाया जाते ती कोरी फिल्म.

सेल हा आणखी एक रोजचा प्रश्न. यातली एकही बॉडी सेलशिवाय एकही फोटो काढत नाही. एफएम २ काढतो, एवढं त्याचं मोठेपण मान्य करायला हवं. एफ ८० ला सीआर १२३ चे दोन, एफ ७५ आणि इओएस ३०० ला सीआर २ चे दोन लागतात. हे सेल स्टेशनबाहेरच्या टपरीवर मिळतीलच असं नाही, म्हणून एक जोडी सॅकमध्ये ठेवावी. एफ १००, एफ ९० आणि एफ ८०१ चार पेन्सिल सेलवर चालतात आणि ते कुठेही मिळतात. एफ ८० ला एमबी १६ नावाची खालची पकड लावली की तोही पेन्सिल सेलवर येतो, पण मग ५१५ ग्रॅमचं कौतुक संपलं.

व्यावसायिक बॉडींबद्दल आदर असू द्यावा. २०१० मध्ये कोडॅकने कोडाक्रोम फिल्मचा शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीच्या हाती दिला तेव्हा त्याने तो निकॉन एफ ६ मध्ये घातला आणि त्यातल्या काही फ्रेम मुंबईत खर्च केल्या. अमिताभ बच्चन आणि आमिर खान त्या छत्तीस फ्रेममध्ये आहेत. एफ ६ चं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. कॅननने इओएस १ व्ही ची विक्री २०१८ मध्ये बंद केली होती. आज नवा ऑटोफोकस फिल्म एसएलआर कुणीच बनवत नाही. म्हणजे जे आहेत ते एवढेच, आणि त्यांतले एफ ८० आणि इओएस ३०० लाखांच्या संख्येने बनलेले. एक बिघडला तर दुरुस्तीपेक्षा दुसरा घेणं परवडतं. फोर्टातल्या बोरा बाजाराच्या गल्ल्यांत एफएम २ दुरुस्त करणारे हात अजून सापडतात. एफ ८० चं सर्किट गेलं तर तो कारागीरही खांदे उडवतो.

खर्चाचं बोलायचं तर खरी झळ बॉडीची नाही, रोलची आहे. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन धरले तर एकेक फ्रेम आज दोन आकडी रुपयांना पडते. म्हणून बरेच जण सिनेमाची फिल्म छोट्या डब्यांत भरून विकणाऱ्यांकडून घेतात. इथे बॉडीची निवड पुन्हा डोकं वर काढते. १९८३ पासून रोलच्या डबीवर काळ्या-चंदेरी चौकोनांचा डीएक्स कोड असतो आणि कॅमेरा तो वाचून आयएसओ ठरवतो. पुन्हा भरलेल्या डबीवर हा कोड बहुधा नसतो. एफ ६५ आणि एफ ७५ मध्ये आयएसओ हाताने लावायची सोयच नाही. कोड दिसला नाही की ते १०० धरतात. त्यात ५०० आयएसओची फिल्म घातली तर सव्वादोन स्टॉप जास्त उजेड जाणार. एफ ८० आणि इओएस ३०० मध्ये आकडा हाताने लावता येतो. एफ ७५ आणि इओएस ३०० या जवळपास सारख्या दिसणाऱ्या, सारख्या वजनाच्या बॉडींमध्ये निवड करताना एवढी एकच गोष्ट बघितली तरी एफ ७५ मागे पडतो.

सिनेमाच्या अशा बऱ्याच फिल्मच्या पाठीवर कार्बनचा काळा थर असतो, रेमजेट. तो काढून टाकलेला नसेल तर रोल नेहमीच्या सी ४१ यंत्रात टाकता येत नाही. थर सुटून रसायन आणि पुढच्या गिऱ्हाइकांचे रोल खराब होतात. रोल घेतानाच विकणाऱ्याला विचारून घ्यावं आणि धुवायला देताना काउंटरवर सांगावं. पुष्कळ लॅब नाही म्हणतील. मग तो रोल त्याच्या खास रसायनात धुणाऱ्याकडे, बहुधा कुरिअरनेच, पाठवावा लागतो. पाकिटावर फिल्मचं नाव आणि कॅमेऱ्यावर लावलेला आयएसओ ठळक लिहावा.